मीटरवरचं ते पिवळं मडकं पेटलं तर

डिसेंबरातली गोष्ट आहे. सकाळचे सहा वाजून गेले होते, अन् नागपुरात डिसेंबरात सहा वाजता काय थंडी असते ते इथल्या माणसाला सांगायला नको. उमरेडला साखरपुडा होता. पुढे काकाजी, मागे काकू अन् बायको, डिक्कीत संत्र्याच्या दोन पेट्या, फराळाचे डबे, वरून कोणाची तरी एक बॅग. छत्रपती चौकातून रिंग रोडला लागलो नाही तोच मीटरवर पिवळा लाइट पेटला. मडक्यासारखं चित्र, खाली दातरं, मधात उद्गारचिन्ह. काकाजींनी वाकून पाहिलं अन् म्हणाले, "काही नाही होत बेटा, चाल तू. थंडीनं येते तो लाइट, ऊन निघालं की जाते."

आता काकाजी चूक नव्हते, अर्धे बरोबर होते. पण टायरच्या बाबतीत अर्धं बरोबर असणं जरा महागात पडू शकतं, म्हणून मानेवाडा चौकाच्या पुढे गाडी कडेला घेतली अन् डॅशबोर्डच्या कप्प्यातला हवेचा दाब मोजायचा गेज काढला. तीन टायर २८ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप), पुढचा डावा २४. दारावर लिहिलंय ३३.

हे तीन आकडे लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यांच्यावरच आहे.

आधी ते मडकं म्हणजे काय ते बघू. ते मडकं नाहीच, तो टायर आहे, आडवा कापून समोरून पाहिला तर जसा दिसेल तसा, खालची दातरं म्हणजे टायरची नक्षी. या सगळ्या व्यवस्थेला टीपीएमएस म्हणतात, टायरमधल्या हवेच्या दाबावर नजर ठेवणारी यंत्रणा. ती अमेरिकेत गाड्यांमध्ये सक्तीची झाली त्याला एक मोठा कांड कारणीभूत आहे. तिथे फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवरचे फायरस्टोनचे टायर धावताधावता फाटून गाड्या उलटल्या, खूप माणसं गेली, २००० साली लाखो टायर परत मागवले गेले, त्याच वर्षी तिथे कायदा झाला अन् पुढे २००७च्या सप्टेंबरपासून तिथल्या सगळ्या नव्या लहान गाड्यांना ही यंत्रणा बंधनकारक झाली. तिथल्या नियमात असं आहे की कंपनीने सांगितलेल्या दाबापेक्षा २५ टक्के कमी झालं की लाइट पेटलाच पाहिजे. आता जरा हिशोब करा. ३३चे २५ टक्के म्हणजे सव्वाआठ. म्हणजे अशा हिशोबाने लावलेल्या गाडीत हवा पावणेपंचवीसपर्यंत उतरेस्तोवर लाइट गप्प बसू शकतो. काही गाड्या त्याआधी सांगतात, पण एकूण बात अशी आहे की लाइट पेटला तेव्हा उशीर ऑलरेडी झालेला असतो. पेट्रोलचा लाइट पेटल्यावर आपण म्हणतो ना की अजून तीस-चाळीस किलोमीटर जाते, तसं इथं चालत नाही.

आता ही यंत्रणा दोन जातीची असते अन् तुमच्या गाडीत कोणती आहे हे माहीत नसलं तर अर्धे सल्ले उलटे पडतात.

पहिली जात, प्रत्येक चाकात आत, वाल्व्हच्या बुडाशी एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. तो खरोखरचा दाब मोजतो अन् रेडिओ लहरींवर गाडीला कळवतो. मीटरवर चारही टायरचे वेगवेगळे आकडे दिसत असतील तर तुमची गाडी या जातीची. आत सीलबंद बॅटरी असते, साधारण पाच ते दहा वर्षं चालते, नंतर अख्खा सेन्सरच बदलावा लागतो. बॅटरी वाचवायची म्हणून हा सेन्सर चाक फिरत असतानाच नीट बोलतो, उभ्या गाडीत झोपा काढतो. म्हणून पंपावर हवा भरून झाल्यावर लाइट बंद व्हायची वाट बघत तिथंच उभं राहू नका, मागचे हॉर्न मारतील, थोडी गाडी चालवा, पाच-दहा मिनिटांत बंद होते.

दुसरी जात स्वस्तातली, पण डोकं भारी लावलंय. यात टायरमध्ये काहीच नसतं. एबीएससाठी, म्हणजे जोरात दाबला तरी चाक जाम होऊ न देणाऱ्या ब्रेकसाठी, प्रत्येक चाकाचा वेग मोजणारे सेन्सर गाडीत असतातच, त्यांच्याकडूनच हे काम करून घेतात. हवा कमी झालेला टायर जरासा बसतो, म्हणजे त्याचा घेर किंचित लहान होतो, म्हणजे तेवढ्याच रस्त्यात त्याला बाकीच्यांपेक्षा जास्त चकरा माराव्या लागतात. लहान पोराचं बोट धरून फुटाळा तलावावर फिरायला गेला असाल तर आठवा, तुमच्या एका पावलात त्याची दोन होतात, तसंच. गाडी हे मोजते अन् म्हणते की हे एक चाक जरा जास्तच धावतंय, गडबड आहे. या जातीत आकडे दिसत नाहीत, नुसता लाइट.

माझी गाडी दुसऱ्या जातीची आहे अन् काकाजींची पहिल्या. इथंच आमचा घोळ होता. काकाजींच्या गाडीत थंडीने लाइट येतो हे खरंच आहे, कारण त्यांचे सेन्सर खरा दाब मोजतात अन् थंडीत दाब खरोखर उतरतो. पण थंडी काही एका टायरला धरून मारत नाही, चारही टायर सारखेच उतरतात, अन् चारही सारखे उतरले की माझ्या गाडीच्या चकरा मोजणाऱ्या यंत्रणेला ते पटकन कळतच नाही, कारण तुलना करायला कोणी वेगळा उरत नाही. माझ्या गाडीत लाइट पेटला याचाच अर्थ कोणीतरी एकटा पडला होता.

थंडीचा हिशोब सोपा आहे. बंद जागेतली हवा थंड झाली की तिचा दाब कमी होतो, शाळेत शिकलेलंच आहे. गाडीच्या टायरसाठी ढोबळ माप असं धरा की तापमान १० अंशांनी बदललं की दाब दीड पीएसआयच्या आसपास बदलतो. मी हवा भरली होती दिवाळीच्या आधी, दुपारी, तेव्हा असेल तेहतीस-चौतीस अंश. डिसेंबरातल्या त्या सकाळी दहा-अकरा. म्हणजे साडेतीन पीएसआय तर नुसत्या थंडीने गेले, अन् चांगल्या टायरमधूनही महिन्याला एखादा पीएसआय रबरातून झिरपतच असतो, तो दीड-दोन महिन्यांचा वेगळा. ३३मधून वजा करा, २८ येतात. तीन टायर कितीवर होते? २८. काकाजींची थंडी तिथं संपली. चौथ्या टायरातून जास्तीचे जे ४ गेले त्यांचा जबाब थंडीकडे नव्हता.

म्हणून लाइट पेटल्यावर पहिला प्रश्न किती कमी आहे हा नाही, चारही मिळून कमी आहेत की एकटाच कमी आहे, हा आहे. चारही सारखे उतरले असतील तर ऋतू बदललाय किंवा तुम्ही आळशी आहात, पंपावर जा, भरा, संपला विषय. एकटाच उतरला असेल तर कुठूनतरी गळतंय. अन् दुसरा प्रश्न, किती वेगाने गळतंय. तो तिथं उभ्याउभ्या कळत नाही, त्याला थोडा वेळ द्यावा लागतो.

मी काय केलं, तर मानेवाड्यापासून पुढे जो पहिला पंप लागला तिथं हळूहळू गेलो, चारही टायर ३३ केले, अन् पुन्हा निघालो. दिघोरी ओलांडून वीस मिनिटांनी पुन्हा थांबलो. काकू म्हणाल्या, आता काय झालं रे बाप्पा. गेज लावला तर पुढचा डावा ३०. बाकीचे ३५. इथं बघा काय गंमत आहे, गाडी चालली की टायर गरम होतो अन् हवा दोन-तीनने वाढायलाच पाहिजे, बाकी तिघांत वाढलीही, अन् हा एकटा उलटा तीनने कमी. म्हणजे कागदावर ३ दिसत असले तरी खरं नुकसान ५चं झालंय. वीस मिनिटांत ५. उमरेडपर्यंत कदाचित पोचलो असतो, पण जेवून परत निघताना टायर जमिनीला टेकलेला दिसला असता.

रस्त्याच्या कडेला एक पंचरवाला नुकतंच दुकान उघडत होता, शेकोटीच पेटवलेली होती अजून. त्याने डब्यातलं साबणाचं पाणी टायरवर ओतलं अन् चाक हळूहळू फिरवलं. आधी वाल्व्हवर थुंकी लावून पाहिली, तिथं काही नाही. मग नक्षीच्या खाचेत एका जागी बारीक बुडबुडा आला, फुटला, थांबला, पुन्हा आला, दम खात खात. त्याने नखाने माती खरवडली तर खाली स्क्रूचं डोकं, रस्त्यावर घासूघासून चांदीसारखं चकचकीत झालेलं, म्हणजे आजचा पाहुणा नव्हता, आठ-पंधरा दिवसांपासून बसलेला असणार. थंडीने रबर आक्रसलं असेल की काय माहीत नाही, त्या दिवशी तिथून जास्त हवा जायला सुरुवात झाली.

ट्यूबलेस टायरचं हेच आहे. खिळा घुसला तरी तोच खिळा बुचासारखा बसून राहतो, म्हणून हवा हळूहळू जाते. म्हणून स्वतः पक्कड घेऊन खिळा उपटू नका. लोक उपटतात, हातात खिळा घेऊन विजयी मुद्रेने उभे राहतात अन् मागे टायर फुस्स करून बसतो. तो दुकानातच निघाला पाहिजे. तिथं भोकात सुई घालून रबराची चिकट वात ओढून बसवतात, पंचरवाले स्ट्रिप म्हणतात, पाच-सात मिनिटांचं काम आहे अन् चाक काढायचीही गरज नसते. जास्त पक्कं काम हवं असेल तर टायर रिमवरून उतरवून आतून मशरूम पॅच लावतात, लांबच्या प्रवासाच्या गाडीला मी तेच सांगीन. पण हे सगळं खालच्या नक्षीच्या भागातल्या भोकासाठी. बाजूची भिंत फाटली असेल, जिथं टायरचं नाव लिहिलेलं असतं तो भाग, तर पंचरवाला कितीही म्हणो की भाऊ चालते, तिथला जोड टिकत नाही, टायर बदला. ती भिंत दर चकरेला वाकते अन् सरळ होते, तिथं लावलेलं काही धरून राहत नाही.

अन् पहिल्या जातीची गाडी असेल तर टायर उतरवायच्या आधी पंचरवाल्याला मोठ्याने सांगा की भाऊ आत सेन्सर आहे, वाल्व्हपाशी. मशीनचा किंवा टॉमीचा (टायर उचकटायच्या लोखंडी पट्टीचा) दाब बरोबर तिथंच पडला तर सेन्सरचा तुकडा पडतो अन् त्याची किंमत पंचरच्या पैशाच्या कित्येक पट असते. पंचर भरणारं जे लिक्विड मिळतं ते टाकतानाही बाटलीवर सेन्सरला चालतं असं लिहिलंय का ते बघा, नाहीतर ते सेन्सरच्या तोंडात जाऊन बसतं.

आता मोठा प्रश्न, लाइट पेटल्यावर चालवायची की थांबायचं. लाइट पेटल्यापेटल्या जोरात ब्रेक मारायचा नाही, हे पहिलं. वेग हळूहळू कमी करा, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरा अन् गाडी काय म्हणते ते ऐका. एका बाजूला ओढत असेल, स्टिअरिंग जड झालं असेल तर पुढचा टायर बसलाय. मागचं शेपूट हलल्यासारखं वाटत असेल तर मागचा. फटफट आवाज येत असेल तर विचारच करू नका, सपाट जागा बघून कडेला घ्या. काहीच वाटत नसेल तर थोडं पुढे जाऊन नीट जागी थांबा, पुलावर नको, वळणावर नको.

खाली उतरून लाथ मारून पाहणे हा आपला राष्ट्रीय उपाय आहे, त्याने काहीही कळत नाही. आजकालच्या टायरची भिंत अशी असते की ३३ अन् २४मध्ये डोळ्याला फारसा फरक दिसत नाही, तो दिसायला लागतो तेव्हा हवा विसाच्याही खाली गेलेली असते. म्हणून गेज पाहिजे. तीन-चारशे रुपयांत येतो, गाडीतल्या गणपतीच्या बाजूला ठेवा. मी तर म्हणीन की बारा व्होल्टवर चालणारा छोटा हवा भरायचा पंपही घ्या, पण ती पुढची पायरी आहे, गेज आधी.

आकड्यावर माझा स्वतःचा नियम असा आहे, ३३च्या गाडीसाठी. २६च्या वर असेल अन् चारही सारखे असतील तर आरामात पंपापर्यंत. एकटा टायर चार-पाचने खाली असेल तर पन्नासच्या आत वेग ठेवून जवळचा पंप, भरायची, अन् वीस मिनिटांनी पुन्हा मोजायची. विसाच्या खाली असेल किंवा मोजतामोजता आकडा उतरत असेल तर चाक एक फूटही पुढे ढकलायचं नाही, तिथंच स्टेपनी. कारण बसलेल्या टायरवर पाचशे मीटर जरी गाडी नेली तरी रिम अन् रस्ता यांच्या मधात भिंत चिरडली जाते. असा टायर उतरवला की आतून काळी पावडर निघते, दळणासारखी. ते टायरचंच रबर असतं, आतल्या आत दळलं गेलेलं. मग पंचर खिळ्याएवढंच असलं तरी टायर भंगारात.

स्टेपनी लावताना चारच गोष्टी, अन् त्या लोक उलट्या क्रमाने करतात. हँडब्रेक ओढा अन् तिरप्या बाजूच्या चाकाला दगड लावा. नट सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच, जॅकवर चढवल्यावर नाही, नाहीतर चाक फिरत राहतं अन् गाडी जॅकवरून घसरते. कसताना समोरासमोरचे नट आलटूनपालटून कसा. अन् स्टेपनी बाकीच्या टायरपेक्षा बारीक असेल तर तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा पाळा, बहुतेक ८० असते.

आता उन्हाळा. नागपूरकर असून उन्हाळ्याबद्दल बोललं नाही तर पाप लागेल. इथं २०१३च्या मे महिन्यात ४७.९ अंश झालं होतं अन् २०१८च्या डिसेंबरात ३.५. म्हणजे त्याच टायरात, एक थेंब हवा न भरता न काढता, नुसत्या नागपुरात राहण्यामुळे साडेसहा पीएसआयचा फरक पडू शकतो. यावरून लोकांनी एक उपाय शोधून काढलाय, की मे महिन्यात रस्ता तापतो, टायर फुगून फुटतो, म्हणून हवा कमी ठेवा, ३३च्या जागी २८ करा. माझ्या ओळखीतले शिकलेसवरलेले लोक हे करतात. हे बरोबर उलटं आहे.

लोखंडाची तार हातात धरून वाकवत, सरळ करत, वाकवत राहा. थोड्या वेळाने वाकते तिथं बोट लावा, चटका बसतो, अन् अजून केलं की तुटते. टायरच्या भिंतीचं तसंच होतं. हवा कमी असली की भिंत जास्त वाकते, शंभरच्या वेगाला मिनिटाला आठशेच्या वर वेळा वाकते अन् सरळ होते, त्यातून उष्णता तयार होते, रबर अन् आतली जाळी एकमेकांपासून सुटायला लागतात अन् मग एकदम फुटतो. चांगल्या टायरात उन्हाने वाढलेले चार-पाच पीएसआय कंपनीने हिशोबात धरलेलेच असतात. म्हणजे तुम्ही हवा कमी करून टायर थंड ठेवत नाही, जास्त तापवता. ज्याला फुटण्याची भीती आहे त्यानेच हवा पूर्ण ठेवायला पाहिजे.

अन् हे सगळ्यात जास्त लागू पडतं समृद्धीवर, म्हणजे नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गावर. आपल्या शिवमडक्यापासून निघतो तो रस्ता, ७०१ किलोमीटर, २०२२च्या डिसेंबरात शिर्डीपर्यंत सुरू झाला अन् २०२५च्या जूनमध्ये पूर्ण झाला. गावात आपण गाडी चालवतो चाळीस-पन्नासने, दर दोन मिनिटांनी सिग्नल, टायरला थंड व्हायला वेळ मिळतो. तिथं १२०ची परवानगी, सरळसोट सिमेंटचा रस्ता, दीड-दोन तास कोणी ब्रेकला पायही लावत नाही, म्हणजे ती तार दीड तास न थांबता वाकतेय. २६ हवेचा टायर वर्धा रोडवर वर्षभर काही न बोलता चालेल अन् समृद्धीवर पाऊण तासात जीव घेईल. पाच माणसं अन् डिक्कीत तांदळाचे कट्टे असतील तर आणखीच. दारावरच्या स्टिकरवर पूर्ण लोडसाठी बऱ्याचदा वेगळा, जास्तीचा आकडा दिलेला असतो, तो कोणी वाचत नाही.

तिथं चालू गाडीत लाइट पेटला तर डाव्या कडेच्या पट्टीत या, पार्किंगचे चारही इंडिकेटर लावा, त्रिकोण मागे लांब ठेवा, अन् माणसांना गाडीत बसवून ठेवू नका, कठड्याच्या पलीकडे उभं करा. अन् लाइट न देताच टायर फुटला तर ब्रेकवर पाय जाऊ देऊ नका, हे सांगणं सोपं अन् करणं महाकठीण आहे, मला माहीत आहे, पण स्टिअरिंग सरळ घट्ट धरा, अॅक्सिलरेटर हळूहळू सोडा, गाडी आपोआप मंदावते, मग कडेला घ्या.

हवा भरण्याबद्दल. खरा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर असतो. टायरच्या भिंतीवर ४४ किंवा ५१ असं जे लिहिलेलं असतं ती टायरची कमाल मर्यादा आहे, ते भरायचं माप नाही. पंपावरचा पोरगा विचारतो, किती टाकू साहेब, पस्तीस? त्याला सगळ्या गाड्या पस्तीसच्या वाटतात. काही गाड्यांत माप बारमध्ये किंवा केपीएमध्ये दिसतं, ३३ पीएसआय म्हणजे साधारण २.३ बार म्हणजे २३० केपीए. अन् हा आकडा थंड टायरचा आहे, म्हणजे गाडी तीनेक तास उभी असलेली किंवा फार तर दीड-दोन किलोमीटर चाललेली. गरम टायर मोजून ३६ दिसले म्हणून तीन काढून टाकले तर रात्री तो ३०वर येऊन बसतो. गरम असतानाच भरायची वेळ आली तर तीन-चार जास्त भरा अन् दुसऱ्या दिवशी सकाळी मोजून नीट करा. अन् पेट्रोल पंपावर हवा फुकटच द्यायची असते, हेही जाताजाता.

नायट्रोजनबद्दल मला दर वेळी विचारतात. आपण श्वास घेतो त्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन आहे. उरलेल्यासाठी पैसे द्यायचे तर द्या, थोडी कोरडी असते, झिरपते जरा हळू, पण गरमी-थंडीत तीही तेवढीच फुगते अन् आक्रसते. नायट्रोजन आहे म्हणून सहा महिने मोजलंच नाही, हे जे होतं ना, ते नायट्रोजनचं खरं नुकसान आहे.

हवा भरल्यावर दुसऱ्या जातीच्या गाडीत एक काम उरतं, रीसेट. बटण असतं किंवा स्क्रीनवर मेनूत असतं. त्याचा अर्थ तुम्ही गाडीला सांगता की आत्ता जे आहे ते बरोबर आहे, यालाच धरून चाल. अन् इथंच लोक फसतात. लाइट त्रास देतो म्हणून हवा न भरताच रीसेट दाबतात, लाइट जातो, खुश. पण गाडी आता २४ला बरोबर समजते, पुढे विसावर आला तरी ती बोलेल याची खात्री नाही. वैद्याला नाडी दाखवायच्या ऐवजी त्यालाच समजावून सांगण्यासारखं आहे हे.

लाइट पेटल्यावर मिनिटभर लुकलुक करून मग स्थिर राहत असेल तर तो हवेचा नाही, यंत्रणेचाच बिघाड आहे. एखाद्या सेन्सरची बॅटरी गेली किंवा सेन्सर नसलेलं चाक लावलंय. याने गाडी चालायची थांबत नाही, पण आता तुमच्यावर नजर ठेवणारं कोणी नाही, तेव्हा गेज जास्त वेळा काढा.

अन् टायरचं वय. भिंतीवर एका छोट्या लंबगोल चौकटीत चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही छान असो, जुना रबर कडक होऊन बारीक भेगा पडलेला टायर नागपूरच्या उन्हात कसा वागेल सांगता येत नाही. नक्षीच्या खाचेत तळाशी छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, कायद्यानेही संपला.

शेवटी स्टेपनी, कारण हा विषय कोणीच काढत नाही. २०२० साली केंद्राने मोटार वाहन नियमात सूट दिली, की ट्यूबलेस टायर, टीपीएमएस अन् पंचर काढायचं किट असेल तर गाडीत स्टेपनी नसली तरी चालेल. म्हणून काही नव्या गाड्यांत ती नसतेच, नवी गाडी घेतली असेल तर डिक्कीची चटई उचलून एकदा पाहून घ्या. अन् असेल, तर तिच्यात बऱ्याचदा सेन्सर नसतो. म्हणजे मीटरवर चार आकडे हिरवे दिसतात अन् पाचवा कोणीच मोजत नाही.

उमरेडला आम्ही पाऊण तास उशिरा पोचलो. काकाजींनी मांडवात सगळ्यांना सांगितलं की याला थंडीची भीती वाटते. मी काही बोललो नाही. परवा त्यांच्याकडे गेलो होतो तेव्हा म्हटलं, काकाजी, डिक्की उघडा जरा. चटई उचलली, स्टेपनीवरची धूळ पुसली, गेज लावला. ११.

काकाजींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं अन् म्हणाले, "गेज खराब असन तुया."